पाणी ओसरल्यावर पाया कोण पाहतो?



ब्रिटिशांचे पूल शंभर वर्षे टिकतात, आपलेच वाहून जातात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटत नाही. महाडचा सावित्रीवरचा पूल ब्रिटिशांचाच, १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या दोन गाड्यांसह तो वाहून गेला. पूर खांबांच्या पायाभोवतीची वाळू-मुरूम उपसून नेतो. वरचे डांबर शाबूत दिसते. तरी आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे कठड्यांना रंग! पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याच्या पुलावर तर धोक्याचा फलकही होता. जून २०२५ मध्ये तो कोसळून चौघे गेले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीने आमच्या वाशी तालुक्यालाही झोडपले. त्यात पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक पुलाचा तपासणी अहवाल बांधकाम विभागाने ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

– एक वाचक, वाशी (जि. धाराशिव)