गाडी परत बोलावली, पण मालकाला कळले का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, होंडा कार्स इंडिया या कंपनीने एक निवेदन प्रसिद्धीस दिले. ऑगस्ट २०१७ ते जून २०१८ या काळात तयार झालेल्या ९०,४६८ गाड्यांमधील फ्युएल पंप कंपनी स्वखर्चाने बदलून देणार, असे त्यात म्हटले होते. सिटी, अमेझ, जॅझ, डब्ल्यूआर-व्ही, बीआर-व्ही आणि ब्रिओ अशी मॉडेलची यादीही होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार ओळींची बातमी आली आणि सणाच्या खरेदीच्या जाहिरातींत ती विरून गेली. ज्यांच्या दारात त्या यादीतील गाडी उभी होती, त्यांच्यापैकी किती जणांनी ती वाचली असेल? सहा-सात वर्षांच्या काळात गाडी ज्यांच्या हाती दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा आली, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली असण्याची शक्यता तर त्याहून कमी.

'पेट्रोल पंप' म्हटले की आपल्याकडे रस्त्याकडेचा पंप डोळ्यांसमोर येतो. येथे प्रश्न आहे तो गाडीच्या पोटातील पंपाचा. इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाडीत हा विजेवर चालणारा लहानसा पंप बहुधा मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या टाकीतच बुडवून बसवलेला असतो. टाकीतील पेट्रोल ठरावीक दाबाने इंजेक्टरपर्यंत पोहोचवणे एवढेच त्याचे काम. परंतु ते थांबले की इंजिनही थांबते. पंपाच्या आत पात्यांची एक प्लास्टिकची चकती वेगाने फिरत असते. तिला इंपेलर म्हणतात. जगभरातील कंपन्यांना पंप पुरवणाऱ्या डेन्सो या जपानी उत्पादकाच्या काही पंपांमध्ये ही चकती अपेक्षेपेक्षा कमी घनतेची निघाली. अशी चकती कालांतराने पेट्रोल शोषते, फुगते, तिला तडे जातात आणि अखेर ती बाहेरच्या आवरणाला घासून अडकते. परिणामी गाडी सुरू होत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती धावता धावता बंद पडते.

हा दोष एखाद्या कारखान्याच्या एखाद्या पाळीपुरता मर्यादित नव्हता. जानेवारी २०२० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे सात लाख गाड्या या कारणासाठी परत बोलावल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस हा आकडा जगभरात ५८ लाखांच्या घरात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये होंडाने जगभरातील सुमारे ४५ लाख गाड्यांसाठी अशीच घोषणा केली. म्हणजे दोनच कंपन्यांची बेरीज एक कोटीच्या पुढे जाते. जपानमधील तोत्तोरी प्रांतात २०२३ च्या जुलैत महामार्गावर बंद पडलेल्या एका गाडीला मागून वाहनाने धडक दिली आणि त्यात एकाचा बळी गेला. ती गाडी फ्युएल पंप निकामी झाल्याने थांबली होती. काही हजार रुपयांच्या सुट्या भागातील दोष माणसाच्या जिवावर कसा उठू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

भारतातही ही पहिली वेळ नव्हती. होंडानेच जून २०२० मध्ये ६५,६५१ आणि एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्यांचे फ्युएल पंप बदलण्याची मोहीम जाहीर केली होती. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ आणि मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेलच्या १६,०४१ गाड्या फ्युएल पंपातील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. बलेनोचीच भावंड असलेल्या टोयोटा ग्लान्झाचाही या यादीत समावेश झाला. या घोषणांमधील आकड्यांची बेरीज चार लाखांच्या आसपास जाते. यातील प्रत्येक दुरुस्ती मालकासाठी विनामूल्य होती. अट एकच, ती म्हणजे मालकाला ते ठाऊक असायला हवे.

ठाऊक नसले की काय होते, हे समजण्यासाठी गॅरेजमध्ये डोकवावे लागते. फ्युएल पंप बहुतेक वेळा एका दिवसात मरत नाही. आधी गाडी सुरू व्हायला दोन-तीनदा चावी फिरवावी लागते. घाटात किंवा ओव्हरटेक करताना इंजिन दम टाकते. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासानंतर थांबवलेली गाडी लगेच सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नाही अशी, सुरू होते. अडचण अशी की नेमकी हीच लक्षणे खराब प्लगची, इग्निशन कॉइलची, क्रँक सेन्सरची, अशक्त बॅटरीची किंवा तुंबलेल्या फिल्टरचीही असू शकतात. मग अंदाजाने एकेक भाग बदलण्याचा प्रयोग सुरू होतो. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी धुतली. प्रत्येक खेपेस चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी गाडी पुन्हा सिग्नलला बंद पडते. दुरुस्तीच्या पावत्या वाढत जातात आणि मूळ दोष मात्र मागच्या सीटखाली तसाच राहतो.

वास्तविक या रोगाचे निदान अवघड नाही. इंजिन सुरू न करता नुसती चावी 'ऑन' केली, की निरोगी पंप सुमारे दोन सेकंद गुणगुणतो. मागच्या सीटजवळ कान दिला तर ते ऐकू येते. आवाज आला नाही, तर पंपाला दोष देण्यापूर्वी फ्यूज, रिले, प्लगची जोडणी आणि अर्थिंग तपासावे लागते. पंपापर्यंत बॅटरीचा पूर्ण दाब पोहोचतो का, हे मीटर लावून पाहावे लागते. वीज पोहोचत असूनही पंप फिरत नसेल, तरच तो निकामी ठरतो. मात्र आवाज आला म्हणजे पंप ठीक आहे असेही नव्हे. फिरणारा पंप पुरेसा दाब देतोच असे नाही. म्हणून इंधनाच्या नळीवर दाबमापक लावून पाहणे हाच खरा निवाडा होय. इंजेक्शनच्या बहुतांश साध्या पेट्रोल गाड्यांमध्ये हा दाब तीन ते चार बारच्या दरम्यान असतो. इंजिनाचा वेग वाढवल्यावर तो टिकतो का आणि इंजिन बंद केल्यावर किती वेळ धरून राहतो, हेही पाहायचे असते. काम पाऊण तासाचे आहे. पण गर्दीच्या गॅरेजमध्ये दाबमापक भिंतीवर लटकत राहतो आणि निदान अनुभवाच्या भरवशावर होते.

त्यातच अलीकडच्या वर्षांत एक नवा संशयित मिळाला आहे, तो म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये या इंधनाच्या विक्रीला प्रारंभ झाला आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वत्र पोहोचले. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांतील रबरी भाग आणि गॅस्केट कदाचित बदलावे लागतील, हे सरकारने २०२५ मध्ये मान्य केले. मायलेज काही प्रमाणात घटते, हेही नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात नमूद होते. मालकांच्या तक्रारींना त्यामुळे आधार आहे. तथापि बंद पडलेल्या प्रत्येक पंपाचे खापर इथेनॉलवर फोडले, की दोन गोष्टी घडतात. दोषी भाग पुरवणारा सहज सुटतो आणि विनामूल्य दुरुस्तीचा हक्क असलेला मालक 'आता पेट्रोलच असे आहे' म्हणून खिशातून पैसे मोजतो. उलट खरोखर इंधनामुळे झालेले नुकसानही तपासणीअभावी सिद्ध होत नाही. निदान न करण्याचा तोटा दोन्ही बाजूंनी ग्राहकाचाच होतो.

पंप बदलण्याचे कामही वाटते तितके निरुपद्रवी नाही. आधी नळीतील दाब उतरवावा लागतो, बॅटरीची तार काढावी लागते आणि पेट्रोलच्या वाफांपासून ठिणगी दूर ठेवावी लागते. जुन्या गाडीत पंपाभोवतीची धूळ न झटकता झाकण उघडले, तर ती थेट टाकीत जाते. झाकणाखालची रबरी रिंग नवीनच हवी. जुनी रिंग पुन्हा बसवली, की गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागतो आणि आगीचा धोका उरतो. टाकीच्या तळाशी गाळ वा पाणी असेल, तर ते न काढता बसवलेला नवा पंपही फार दिवस टिकत नाही. टाकी सतत जवळजवळ रिकामी ठेवून गाडी पळवण्याची सवयही घातक असते, कारण पंपाला थंड ठेवण्याचे काम भोवतालचे पेट्रोलच करीत असते.

यातील सर्वांत बोलका तपशील होंडाच्या २०२४ च्या निवेदनातच होता. ९०,४६८ गाड्यांखेरीज आणखी २,२०४ गाड्या अशा होत्या, की ज्यांत हा पंप पूर्वी सुटा भाग म्हणून बदलण्यात आला होता. याचा अर्थ असा की रोग झालेला भाग काढून त्या जागी त्याच रोगाचा भाग बसण्याची शक्यता होती. ज्याने बिल भरून पंप बदलला, तोही निर्धास्त नव्हता. बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या पंपाच्या बाबतीत तर माग काढण्याचे साधनच उरत नाही.

येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, तो व्यवस्थेचा होतो. भारतात गाड्या परत बोलावण्याची रीत उशिरा रुजली. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ मध्ये त्यासाठी ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. कायद्याचे बळ मिळायला २०१९ उजाडले. त्या वर्षी मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आदेश देण्यासाठी तक्रारींची किमान संख्या ठरली, एक कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद झाली. मात्र हे नियम सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरते आहेत. २०१७-१८ मधल्या गाड्या ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या आहेत आणि त्यांच्या बाबतीत मालकाचा भरवसा आहे तो कंपनीच्या स्वेच्छेवर.

त्याहून मोठी उणीव माहितीची आहे. कंपनी पत्र पाठवते ते आपल्या नोंदीतील मालकाला, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाला. परंतु आपल्याकडे नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्यांचे व्यवहार अधिक होतात. गाडी नाशिकहून नांदेडला जाते, फोन नंबर बदलतो, अधिकृत सर्व्हिस सेंटर सुटते आणि गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजची होते. मालकी हस्तांतरणाच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांत विक्रेता, खरेदीदार, कर्ज यांचे रकाने आहेत, पण या गाडीवर एखादी दुरुस्ती प्रलंबित आहे का, हे विचारणारा रकाना नाही. खरेदीदार विमा पाहतो, थकलेले चलन पाहतो, पण प्रलंबित रिकॉल पाहण्याचे त्याला सुचत नाही.

हे अशक्य आहे असे नव्हे. अमेरिकेत गाडीचा क्रमांक टाकून प्रलंबित दुरुस्ती कोणालाही पाहता येते. जपानने सदोष एअरबॅगच्या प्रकरणात २०१८ पासून याच्याही पुढचे पाऊल टाकले आणि दुरुस्ती न केलेल्या ठरावीक गाड्यांना सक्तीच्या तपासणीचे प्रमाणपत्र नाकारण्यास सुरुवात केली. आपल्याकडे 'वाहन' या सरकारी संगणकीय नोंदीत प्रत्येक गाडीचा चॅसी क्रमांक आहे. पीयूसीसाठी गाडी ठरावीक मुदतीने केंद्रावर जाते, विमा दरवर्षी नूतनीकरणाला येतो. कंपन्यांनी दिलेली चॅसी क्रमांकांची यादी या नोंदीशी जोडली, तर पीयूसीच्या कागदावर 'दुरुस्ती प्रलंबित' अशी एक ओळ छापणे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. त्याचबरोबर किती गाड्या परत बोलावल्या याइतकेच किती प्रत्यक्ष दुरुस्त झाल्या, हेही कंपन्यांनी दर सहामाहीस जाहीर केले पाहिजे. घोषणा झाली म्हणजे धोका संपला, हा समज त्याशिवाय दूर होणार नाही.

तोवर जबाबदारी मालकावर येऊन पडते. आरसीवरील १७ अक्षरांचा चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहणे अथवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारणे, याला पाच मिनिटे लागतात. जुनी गाडी घेताना ही चौकशी इसार देण्यापूर्वीच व्हायला हवी. गाडी धावताना बंद पडलीच, तर ब्रेकला एक-दोन दाबांपुरतेच साहाय्य उरते. तेव्हा ब्रेक पुनःपुन्हा न मारता धोक्याचे दिवे लावून, गती असेपर्यंत डावीकडे सरकणे हाच मार्ग असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या उजव्या मार्गिकेत हे सांगायला सोपे आणि करायला महाकठीण आहे. सदोष पंप कोणत्या गाड्यांत आहे हे उत्पादकाला ठाऊक आहे आणि त्या गाड्या कोणाच्या नावावर आहेत हे सरकारला ठाऊक आहे. ही दोन माहितीची टोके जोडलेली नाहीत, म्हणून त्या मार्गिकेत बसलेल्या माणसाला मात्र काहीच ठाऊक नसते.