कापूस वेचता येत नाही, गुणही मिळत नाही

सराव परीक्षांचे गठ्ठे तपासून होत आले की या मासिकाकडे इंग्रजीच्या शिक्षकांची पत्रे सुरू होतात. उतारा लांबलचक होता, कवितेच्या रसग्रहणाला वेळ पुरला नाही, तोंडी परीक्षेचे गुण कुठे सढळ हाताने दिले आणि कुठे चिमटीने. यंदा परभणी तालुक्यातल्या पेडगाव परिसरातून आलेली तक्रार मात्र एका वाक्याची आहे. काही शाळांनी मिळून घेतलेल्या बारावीच्या सराव परीक्षेत ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहायचे होते: ‘द कॉटन इज टू वेट टु पिक’. एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘द कॉटन इज सो वेट दॅट वन कॅनॉट पिक इट’. तिचा गुण गेला. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाने लिहिले, ‘द कॉटन इज सो वेट दॅट इट कॅनॉट पिक’. त्याला गुण मिळाला.

दुसऱ्या वाक्यात कापूसच वेचायला निघाला आहे आणि ओला असल्यामुळे त्याला ते जमत नाही. पण ‘सो’, ‘दॅट’ आणि ‘कॅनॉट’ हे तिन्ही शब्द जागच्या जागी दिसले आणि तपासणाऱ्याचा लाल पेन पुढे सरकला. नमुना उत्तर होते ‘इट कॅनॉट बी पिक्ड’. विद्यार्थिनीचे उत्तर व्याकरणात कुठेही चुकत नाही, मूळ अर्थही सोडत नाही. ते फक्त नमुन्यात नव्हते. शिक्षकाने विचारणा केली तेव्हा ‘नमुना उत्तराबाहेर जाता येत नाही’ एवढेच कळवण्यात आले.

यालाच मराठीत वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात. म्हणीतले पेडगाव श्रीगोंदे तालुक्यातले, भीमाकाठच्या बहादूरगडाचे. परभणीच्या पेडगावचा तिच्याशी संबंध नाही. इथल्या शिक्षकाने तर सरळ प्रश्न विचारला आहे. वेड पांघरले आहे ते उत्तर देणाऱ्यांनी.

तपासणाऱ्यांना बोल लावून वर्गाची सुटका मात्र होत नाही. ‘इट कॅनॉट पिक’ हे वाक्य येते कुठून? ते मराठीतून येते. ‘कापूस इतका ओला आहे की वेचता येत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा वेचणारा कोण हे सांगावे लागत नाही. ‘वेचता येत नाही’ हे कर्त्याशिवाय उभे राहते. इंग्रजीतल्या ‘दॅट’नंतरच्या वाक्याला कर्ता लागतोच, म्हणून मुलगा हाताशी असलेला ‘इट’ तिथे बसवतो. मग एक तर क्रियापद कर्मणी करा, नाही तर ‘वुई’, ‘वन’, ‘द विमेन’ असा वेचणारा आणा आणि शेवटी ‘इट’ लिहा. ‘टू’च्या वाक्यात हा शेवटचा ‘इट’ नसतो. ‘दॅट’ आला की तो परत आणावा लागतो. ‘द सॅक इज टू हेवी फॉर हर टु लिफ्ट’ याचे रूपांतर करताना ‘दॅट शी कॅनॉट लिफ्ट’वर थांबणारी मुले याच कारणाने चुकतात.

बाजारातल्या गाइडांत ‘ही इज टू वीक टु वॉक’ आणि ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक’ ही दोन्ही वाक्ये एकाच चौकटीत, एकाच सूत्राखाली छापलेली असतात. पहिल्यात अशक्त माणूसच चालणार आहे, दुसऱ्यात चहा काही पिणार नाही. वर्गात ‘कोणाला येत नाही?’ एवढा एक प्रश्न विचारला तर ही दोन वाक्ये आपोआप वेगळी होतात. ‘वॉज’ असेल तर ‘कुड नॉट’, हे त्यानंतरचे आणि किरकोळ.

‘नीदर–नॉर’ची कहाणी याच्या उलट आहे. ही जोडी मराठी मुलांना सर्वांत सोपी जायला हवी. ‘ना बस आली, ना जीप थांबली’ या वाक्यात नकार ‘ना’ने उचललेला आहे आणि ‘आली’, ‘थांबली’ ही क्रियापदे होकारार्थीच आहेत. इंग्रजीत नेमके हेच होते. तरीही उत्तरपत्रिकांत ‘नीदर द बस डिड नॉट कम’ येतेच, कारण ‘नीदर–नॉर म्हणजे दोन्ही वाक्ये नकारार्थी’ असे फळ्यावर लिहून दिलेले असते. मुलगा तो आदेश शब्दशः पाळतो आणि नकारावर नकार चढवतो. ‘कोणीही आले नाही’ हे डोक्यात असले की ‘नोबडी डिड नॉट कम’ लिहिले जाते, ती चूकही याच कुळातली. चॉसरच्या काळातल्या इंग्रजीत असे नकार खुशाल एकावर एक रचले जात. दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियम अठराव्या शतकात बिशप रॉबर्ट लोथ यांनी व्याकरणात मांडला आणि लिंडली मरे यांच्या 1795 च्या शालेय व्याकरणाने तो शाळाशाळांत नेला. प्रमाण इंग्रजीत आज तोच चालतो, म्हणून परीक्षेतही तोच.

मराठीचा खरा अडसर पुढे आहे. नकाराचा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की इंग्रजीत साहाय्यकारी क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते: ‘द बस डिड नॉट कम, नॉर डिड द जीप स्टॉप’. मराठीत याला जोड नाही. ‘नॉर द जीप स्टॉप्ड’ हे आपल्या कानाला खटकत नाही. ही उलटापालट म्हणजे जुन्या इंग्रजीची शिल्लक. तेव्हा वाक्यारंभी असा शब्द आला की क्रियापद लगेच त्याच्या मागे दुसऱ्या जागी येई. जर्मन भाषेत मुख्य वाक्यात आजही क्रियापदाची जागा दुसरीच असते. ‘नो सूनर’, ‘हार्डली’, ‘स्कर्सली’ आणि ‘नॉट ओन्ली’ या सर्वांना तीच रीत लागू आहे. हे एकदा एकत्र दाखवले की पाच सूत्रांचे काम एका तासिकेत होते.

‘नो सूनर’पाठोपाठ ‘दॅन’च का आणि ‘हार्डली’पाठोपाठ ‘व्हेन’ का, हेही पाठ करून घ्यावे लागू नये. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप, म्हणून त्याला ‘दॅन’ हवा. ‘हार्डली’त तुलना नाही. ‘नो सूनर डिड द ट्रेन लीव्ह पेडगाव दॅन…’ आणि ‘नो सूनर हॅड द ट्रेन लेफ्ट पेडगाव दॅन…’ ही दोन्ही बरोबर आहेत. ‘स्कर्सली’ला ‘व्हेन’ चालतो तसा ‘बिफोर’ही चालतो. तरीही ‘हॅड’ लिहिणाऱ्यांचे गुण कापल्याच्या तक्रारी या मासिकाकडे जुन्या आहेत. एका जिल्ह्यात चालते ते दुसऱ्यात चालत नाही, असाही अनुभव वाचकांनी कळवला आहे.

‘एका गुणाने काय होते’ हा युक्तिवाद इथे ऐकून घेण्याचे कारण नाही. बारावीला इंग्रजी सक्तीचा विषय, लेखी 80 गुणांची कृतिपत्रिका आणि व्याकरणाच्या बहुतेक कृती एकेका गुणाच्या. काठावरच्या मुलाला तो एक गुण म्हणजे वर्ष. राज्य मंडळाच्या परीक्षेत अशी शंका आली तर वाट कोणती? आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, तिचे 400 रुपये. छायाप्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, त्याचे 300 आणि मुदत कामकाजाच्या पाच दिवसांची. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलीने ‘वन कॅनॉट पिक इट’ बरोबर आहे हे सिद्ध करायला 700 रुपये भरायचे, आणि फेरतपासणाऱ्याच्या हाती पुन्हा तेच नमुना उत्तर असायचे.

मंडळाचे नमुना उत्तर तपासणाऱ्यांच्या आणि मॉडरेटरांच्या वर्तुळात फिरते, वर्गावरच्या शिक्षकापर्यंत येत नाही. राज्य मंडळाचे उत्तर एकदा मात्र सर्वांना वाचायला मिळाले. 21 फेब्रुवारी 2023 च्या बारावी इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या प्रश्नात, प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना आणि उत्तर छापून आले आणि त्यापायी मंडळाला 6 गुण द्यावे लागले. गोपनीयतेचा हा असा परिणाम होणार असेल तर उघडपणा परवडला. सीबीएसई नमुना प्रश्नपत्रिकांसोबत त्यांची गुणदान योजना संकेतस्थळावर ठेवते. त्याने कोणते आभाळ कोसळले? राज्य मंडळाने एवढेच करावे: परीक्षा संपल्यावर नमुना उत्तरे जाहीर करावीत, वाक्यरूपांतराच्या प्रत्येक कृतीखाली मान्य पर्याय छापावेत आणि ‘अर्थ व व्याकरण शाबूत असल्यास गुण द्यावा’ ही ओळ मॉडरेटरांच्या सूचनांत ठळक टाकावी. यासाठी समिती नेमण्याचीही गरज नाही.

आता आपल्याच घराकडे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती 2000 साली. त्याला पाव शतक उलटून गेले. तरीही बारावीच्या वर्गात ‘सो… दॅट… कॅनॉट’ असे ठिपके देऊन जागा भरायला शिकवणारे शिक्षक कमी नाहीत. सहविचार सभेच्या हजेरीपटावर सही करून चहानंतर निघून जाणारेही तेच, आणि ‘मंडळ काही ऐकत नाही’ ही ओरड सर्वांत मोठ्याने करणारेही तेच. गठ्ठा लवकर संपावा म्हणून तीन शब्द शोधून खूण करणारा परीक्षक शेवटी आपल्यातलाच कोणीतरी असतो. ‘इट कॅनॉट पिक’ला गुण मंडळाने दिलेला नाही, तो आपल्या पेनाने दिला आहे.

लेखी परीक्षा फेब्रुवारीत आहे, म्हणजे हाती काही आठवडेच आहेत. वाचकांनी दोन कामे करावीत. वर्गात या जोड्या शिकवताना सूत्र पुसून टाका; कापूस, पाणी, एसटी, वीज यांची वाक्ये मुलांकडूनच घ्या आणि प्रत्येक वाक्याला कर्ता कोण ते विचारा. दुसरे काम पत्राचे. सराव परीक्षेत बरोबर असूनही कापली गेलेली उत्तरे, मूळ प्रश्न आणि दिलेले कारण यांसह, विद्यार्थ्याचे नाव झाकून या मासिकाकडे पाठवा. परभणी, हिंगोली, जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या पाच जिल्ह्यांतून येणारी उत्तरे एकत्र करून, मॉडरेटरांची बैठक होण्यापूर्वी विभागीय मंडळाच्या सचिवांकडे दिली जातील. पत्रावर शिक्षकाची सही आणि प्राचार्यांचा शिक्का असावा. निनावी पत्रे निवेदनाला जोडली जाणार नाहीत.