मंडईचा हंगाम आणि न संपणारे सिनेमे

दिवाळीचा पाडवा झाला, गायगोधन म्हणजे गाईंची पूजा झाली, गोवारी बांधवांची ढाल निघाली, की गोंदिया जिल्ह्यात मंडयांना, म्हणजे गावोगावच्या जत्रांना, सुरुवात होते. आज या गावची, उद्या त्या गावची. हलका धान कापून बांधीत पडलेला, भारी धान अजून उभा, आणि एक डोळा आभाळाकडे ठेवूनच घराघरांत पाहुण्यांची सरबराई चाललेली. लेकी-जावई आलेले असतात, बाजारात शिंगाड्यांचे ढीग लागलेले असतात, दिवसा दंडार किंवा खडी गंमत यांसारखे लोकनाट्य रंगते आणि रात्री नाटक. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीच्या बाजूला तर मंडई ठरली म्हणजे बहुधा नाटकही ठरलेच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांतला हा नाट्यहंगाम होळीपर्यंत चालतो.

हाच आठवडा बड्या सिनेमांचाही असतो. 2011 च्या दिवाळीत ‘रा.वन’ आला, 2013 मध्ये ‘क्रिश 3’, 2021 मध्ये मार्व्हलचा ‘इटर्नल्स’, 2023 मध्ये त्याच कंपनीचा ‘द मार्व्हल्स’ आणि सलमान खानचा ‘टायगर 3’, 2024 मध्ये ‘सिंघम अगेन’, आणि 2025 मध्ये लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ‘थामा’. सुपरहिरो आणि मालिकांचे सिनेमे हा आता दिवाळीच्या फराळाइतकाच ठरून गेलेला भाग आहे. पण गेली काही वर्षे हे सिनेमे पाहून बाहेर पडणाऱ्या तरुण प्रेक्षकांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्याची दखल घ्यायला हवी. तो नुसता कंटाळा नाही. आपल्या माणसाने शब्द मोडल्यावर वाटते, तसे काहीतरी ते आहे.

ही नाराजी हलक्यात घेण्याची रीत आहे. 2019 मध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी मार्व्हलच्या चित्रपटांना सिनेमा मानायला नकार दिला आणि त्यांना करमणुकीच्या उद्यानांच्या पंक्तीला बसवले. ती टीका बाहेरून झाली होती. आजची तक्रार आतून येते आहे. ज्यांनी हे सिनेमे मनापासून पाहिले, हिंदीत भाषांतरित झालेले संवाद तोंडपाठ केले, पहिल्या दिवशी पहिला खेळ गाठण्यासाठी तालुक्याच्या गावाहून गोंदिया नाही तर थेट नागपूर गाठले, त्या पोरांची ही तक्रार आहे. त्यांना कलेचे धडे देण्याची गरज नाही. त्यांचे म्हणणे काय आहे, ते नीट ऐकले तरी पुरे.

त्यांचे म्हणणे समजून घ्यायला 2019 चा ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ आठवावा लागेल. 2008 च्या ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या मालिकेतला तो बाविसावा चित्रपट. जगभरातून त्याने सुमारे 280 कोटी डॉलर मिळवले आणि भारतातही इंग्रजी चित्रपटांच्या कमाईचे आधीचे उच्चांक मोडले. त्या चित्रपटाच्या शेवटी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मरतो. अकरा वर्षे ज्याला पाहत मुले मोठी झाली, तो जग वाचवणाऱ्या एका चुटकीच्या मोबदल्यात जीव देतो. थिएटरात मुले रडली. त्या रडण्याला अर्थ होता, कारण तिथे काहीतरी खरोखर संपले होते. हे श्रेय त्या सिनेमाला दिलेच पाहिजे. कोट्यवधी लोकांना एकाच वेळी एका माणसाच्या जाण्याचे दुःख व्हावे, हे लहानसहान काम नाही.

मग पुढे काय झाले? 2024 च्या जुलैत त्याच टोनी स्टार्कची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरला रंगमंचावर उभे करून, हिरवा झगा आणि मुखवटा चढवून, तो आता डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून परत येणार असल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ आला. 2017 च्या ‘लोगन’मध्ये ह्यू जॅकमनचा वुल्व्हरिन मरतो, आणि जंगलातल्या त्याच्या थडग्यावरचा क्रूस एक मुलगी आडवा करून ठेवते. तो शेवट पाहिलेला माणूस तो विसरत नाही. नव्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच डेडपूल तेच थडगे उकरतो आणि आतल्या सांगाड्याची हाडे शस्त्रासारखी वापरून, गाण्याच्या तालावर शत्रूंना मारत सुटतो. प्रसंग कौशल्याने घेतला आहे, लोक हसले, आणि चित्रपटाने 130 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. पण ते हसू ओसरल्यावर मागे काय राहिले, हा प्रश्न आहे. ज्याच्यासाठी सात वर्षांपूर्वी आपण रडलो, त्याचीच हाडे भिरकावली गेली, आणि आपल्यालाच टाळ्या वाजवायला सांगितले गेले.

आमच्या मते सगळ्या निराशेचे मूळ इथे आहे. दृश्ये खराब झाली, विनोद शिळे झाले, या गोष्टी नंतरच्या. खरी फसवणूक ही की गोष्ट संपायला नकार देते. कोणी मेले तर दुसऱ्या विश्वातून त्याचा जुळा आणता येतो, हरलेली लढाई काळाचे चक्र फिरवून पुन्हा लढता येते. मरण कायमचे नसेल तर धैर्यालाही किंमत उरत नाही. आणि पडद्यावर नावे सरकून गेल्यावर जो छोटा प्रसंग दाखवतात, तो पूर्वी बक्षीस वाटायचा. आता तीन तास बसलेल्या प्रेक्षकाला तो पुढच्या तिकिटाची आठवण करून देतो. आपल्याकडच्या निर्मात्यांनीही ती सवय उचलली आहे. एक सिनेमा पुरता पाहून होत नाही तोच दुसऱ्या सिनेमातला नट येऊन तोंड दाखवून जातो.

2023 मधले एक उदाहरण आम्हाला विशेष लागते. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा देखणा चित्रपट भारतात दहा भाषांत आला, आणि त्यांत मराठीही होती. हॉलिवूडचा सुपरहिरो थिएटरात मराठी बोलतो आहे, त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅनही आहे, हे अप्रूप होते. आणि तो चित्रपट ऐन भरात आल्यावर तुटला, बाकीचे पुढच्या भागात. तो पुढचा भाग 2024 च्या मार्चमध्ये यायचा होता. तो लांबत लांबत 2027 वर गेला आहे. दहा वर्षांच्या मुलाने अर्धी गोष्ट ऐकली आणि उरलेली अर्धी ऐकायला त्याला मिसरूड फुटेपर्यंत थांबायचे आहे. कोणती आजी असे करील?

यामागची कारणे लपलेली नाहीत. मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेची इंटरनेटवरची प्रसारणसेवा 2019 च्या अखेरीस सुरू झाली, तिला सतत नवा माल हवा होता, म्हणून चित्रपटांच्या जोडीला मालिकांचा रतीब लागला. ‘द मार्व्हल्स’ समजायला आधी दोन-तीन मालिका पाहिलेल्या असाव्यात, अशी वेळ आली. 20 कोटी डॉलरहून जास्त खर्चून केलेल्या त्या चित्रपटाने जगभरातून जेमतेम तेवढीच तिकीटविक्री केली. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी पुढे स्वतःच मान्य केले की फार माल काढण्याच्या नादात लक्ष विखुरले, आणि वर्षाला दोन, फार तर तीनच मार्व्हल चित्रपट काढू असे सांगितले. दृश्यपरिणामांचे काम करणाऱ्या मार्व्हलच्या कारागिरांनी 2023 च्या सप्टेंबरमध्ये संघटना करण्याच्या बाजूने मतदान केले. शेवटच्या घटकेला बदल, अवास्तव मुदती, रात्रंदिवस काम ही त्यांची तक्रार होती. पडद्यावर जे कच्चे दिसते, ते बहुतेक वेळा अशाच कोणाची तरी काढून घेतलेली झोप असते. आपल्याकडे रामायणावरच्या ‘आदिपुरुष’च्या टीझरवर टीका झाली तेव्हा चित्रपट जानेवारीवरून जून 2023 वर ढकलला, आणि प्रदर्शित झाल्यावर लोक संतापले म्हणून संवाद बदलावे लागले. ज्या देशात रामलीलेतला हनुमान पोराबाळांना ठाऊक आहे, तिथे हनुमानाच्या तोंडी काय शोभते हे आधी कोणाला विचारावेसे वाटले नाही.

आता झाडीपट्टीच्या नाटकाकडे पाहा. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ तिथे जाऊन कंपनी ठरवते, नाटक ठरवते, रक्कम ठरवते. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि नाटक उजाडेपर्यंत चालते. कलावंत रोज नव्या गावात असतात. तालमी मोजक्याच होतात, म्हणून रंगमंचापुढे प्रॉम्प्टर बसलेला असतो आणि त्याच्या आवाजावर नट वाक्य उचलतो. समोर चादरी-शाली गुंडाळून, जमिनीवर अंथरूण घालून, लेकरे मांडीवर झोपवून गाव बसलेला असतो. पहाटे तीनला, थंडी हाडात शिरलेली असताना, या माणसांना जागे ठेवायचे आहे. ते दुसऱ्या अंकात पेंगले तर नटाला समोर दिसते. उठून गेले तर तेही दिसते. पुढच्या वर्षी तीच कंपनी बोलवायची की नाही, हे गाव त्याच रात्री ठरवून टाकते. आणि सूर्य उगवायच्या आत गोष्ट पुरी झालेली असते. सासूचा अन्याय असो, सावकाराचा असो, बहीण-भावाची ताटातूट असो, त्याचा काय तो निवाडा लोक घरी जाण्याआधी लागतो. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर आयुष्य घालवल्याबद्दल. हजारो प्रयोग, शेकडो भूमिका, आणि प्रत्येक रात्री समोर नवा गाव.

म्हणून झाडीपट्टीत सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. इथेही तोच रोग शिरला आहे आणि तो लपवण्यात शहाणपण नाही. मुंबईहून दूरचित्रवाणीवरचा एखादा चेहरा आणायचा, फलकावर त्याचा फोटो सर्वांत मोठा छापायचा, आणि नाटकात त्याला दोन प्रवेश द्यायचे, हे प्रकार वाढले आहेत. कथानकाशी काडीचा संबंध नसलेले नाच घुसवले जातात. विनोदी पात्राच्या तोंडी इतके सैल शब्द येतात की लेकीसुनांबरोबर बसलेला माणूस खाली मान घालतो. गेल्या वर्षी चाललेल्या नाटकाचे नाव थोडे फिरवून नवे नाटक म्हणून विकले जाते. हॉलिवूड करते तेच हे, फक्त लहान पैशात: लोकांना जे आधी मनापासून आवडले, त्याच्या भरवशावर पुढची निष्काळजी विक्री. ‘झॉलीवूड’ या 2022 च्या मराठी चित्रपटाने या रंगभूमीची झगमग आणि ओढाताण दोन्ही दाखवली होती. मंडईच्या आयोजकांनी यंदा कंपनी ठरवताना मोठ्या चेहऱ्याआधी संहिता मागावी. ती वाचायला गावात एक-दोन तरी शिकलेली पोरे-पोरी असतातच.

मोठा पैसा म्हणजे वाईट आणि लहान पैसा म्हणजे चांगला, असा सरळ हिशेब नाहीच. पण 2024 आणि 2025 मध्ये काय चालले ते डोळे उघडून पाहावे. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ 2024 मध्ये कोणत्याही बड्या ताऱ्याविना आला आणि शंभर कोटींच्या पुढे गेला. तो कोकणातल्या पिंपळावरचा मुंज्या आहे, आजीने सांगितलेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये मल्याळममध्ये ‘लोका’ आला. सुमारे 30 कोटींत केलेला, नायिका सुपरहिरो, आणि तिची मुळे केरळच्या कल्लियंकाट्टू नीली या यक्षिणीच्या लोककथेत. जगभरातून 300 कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला मल्याळम चित्रपट ठरला. या चित्रपटांचेही पुढचे भाग येणार, त्यांचीही विश्वे होणार, आणि कदाचित तेही एक दिवस थकतील. ‘मुंज्या’च्याच घरातला ‘थामा’ हा पाचवा सिनेमा, आणि त्यात आधीच्या ओळखीच्या पाहुण्यांची वर्दळ सुरू झालेलीच आहे. तरी त्यांची पहिली पकड बसली ती गावाला माहीत असलेल्या गोष्टीमुळे.

आणि गोंदिया जिल्ह्याला गोष्टींचा तुटवडा कधीच नव्हता. सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या दरेकसा स्थानकाजवळ, कचारगडची विशाल गुहा आहे. माघ पौर्णिमेला मध्य भारतातल्या अनेक राज्यांतून गोंड समाज तिथे लोटतो. त्यांची परंपरा सांगते की कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांनी त्यांच्या सुटकेचा विडा उचलला. हिरासुका पाटालीर हा वादक गुहेबाहेर बसून वाजवू लागला. त्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आले, त्यांनी मिळून शिळा ढकलली, शिळा सरकली, मुले बाहेर आली. आणि वाजवणारा हिरासुका त्याच शिळेखाली सापडून गेला. त्याच्याकडे लोखंडी चिलखत नव्हते, उडायची विद्या नव्हती. त्याच्याजवळ एक वाद्य होते, आणि शिळेच्या वाटेत बसून राहण्याची तयारी. आत कोंडलेली मुलेही नुसती वाट पाहत बसली नाहीत, ढकलले त्यांनीच.

ही कथा आज ना उद्या कोणी मोठा निर्माता उचलेल. त्यात वावगे काही नाही. पण ती ज्यांची आहे, त्या गोंडी बोलणाऱ्या माणसांना लेखनात, भूमिकांत आणि नफ्यात वाटा असला पाहिजे, आणि त्याआधी झाडीपट्टीच्या एखाद्या लेखकाने त्यांच्यासोबत बसून ती रंगमंचावर आणावी. त्यात लिंगोचा पराक्रम असावा, नाच असावा, हसवणारे पात्रही असावे. आणि कोणीही केली तरी, दुसऱ्या भागाच्या लोभाने हिरासुकाला त्या शिळेखालून उठवू नये.