हाक्याला गाव, बंदुकीला पाहुणा!

शेतकरी बंधूंनो, रापणकार भावांनो,

एक साधा सवाल विचारतो. तुम्ही नांगरलेल्या, पेरलेल्या, राखलेल्या शेतात रात्री रानडुकरांचा कळप घुसला, तर त्याच्यावर बंदूक रोखण्याचा पहिला हक्क कोणाचा? ज्याचे पीक गेले त्याचा, की परराज्यातून जीपगाडीत बसून येणाऱ्या हौशी शिकाऱ्याचा?

सवाल बेळगाव-निपाणी सीमाभागातला आहे. पण त्याचे उत्तर काणकोण-सत्तरीपासून चंदगड-आजऱ्यापर्यंत सर्वांना लागू पडते, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानाला लागून असलेल्या गावांत भात पोटरीला आले की शेतकऱ्याची झोप उडते. बेळगावच्या पश्चिम भागात रताळ्याचे वरंबे, निपाणीकडे ऊस आणि भुईमूग, सगळीकडे तीच कथा. रानडुक्कर एक घास खाते आणि दहा घासांची नासाडी करते. रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवणारा पोर सकाळी पहिल्या तासाला बाकावर डुलक्या घेतो. त्याला आळशी म्हणू नका. तो रात्रपाळी करून शाळेत आलेला असतो.

या दुखण्यावर दोन वैद्य दोन औषधे सांगतात. पहिला म्हणतो, बाहेरचे तरबेज नेमबाज बोलवा, त्यांना परवाने द्या, आठवड्यात रान साफ! दुसरा शहरातल्या पंख्याखाली बसून सांगतो, मुक्या जनावराला हात लावाल तर खबरदार! दोघेही मोठ्या आवाजात भांडतात. मध्ये उभा असलेला शेतकरी मात्र दोघांनाही दिसत नाही.

जुना हाका आठवा

बाहेरचा शिकारी ही काही नवी चीज नाही. इंग्रजी अमलात कलेक्टर, जंगलसाहेब आणि त्यांचे पाहुणे आपल्याच रानात शिकारीला येत. संस्थानांत राजेरजवाड्यांची राखीव शिकारगाहे होती. आजचे राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य एके काळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. त्या शिकारीत गावकऱ्याचे काम काय? हाका घालायचा! ढोल बडवायचे, झाडी झोडपायची, जनावर साहेबाच्या मचाणापुढे काढून द्यायचे. चवताळलेले जनावर अंगावर आले तर ते हाकेकऱ्याच्या. फोटोत मात्र साहेब आणि साहेबाची बंदूक!

स्वातंत्र्यानंतर कायदे आले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. त्या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. डुकराला त्याचा पत्ताही लागला नाही. ते पूर्वी जात होते त्याच वाटेने आजही जाते. शेतकऱ्याच्या नशिबी मात्र दुसरी कचेरी आणि दुसऱ्या भाषेतला अर्ज आला.

पुढे १९७२ साली सबंध देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा, सापळे लावण्याचा आणखी वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय संपली. हौसेची शिकार या देशात कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मग बाहेरचा शिकारी येतो कोठून? कायद्याच्या ११ व्या कलमातून. जनावर माणसाच्या जिवावर उठले किंवा उभ्या पिकाची नासाडी करू लागले, तर वन्यजीव खात्याचा मुख्य अधिकारी, आणि पिकाच्या बाबतीत त्याने नेमलेला अधिकारीही, लेखी कारणे देऊन ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. पिकासाठीची ही परवानगी रानडुकराबाबत मिळू शकते. गवा आणि हत्ती मात्र पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांनी कितीही शेत तुडवले तरी पिकाच्या कारणाने त्यांना मारता येत नाही. आता मेख पाहा. ही परवानगी 'कोणाही व्यक्तीला' देता येते. या 'कोणाही'त शेताचा धनी बसतो, तसा हजार मैलांवरचा नवाबही बसतो. भांडण आहे ते या एका शब्दाचे.

मोकामा आणि यवतमाळ

बाहेरचा शिकारी आणल्यावर काय होते, याचे दोन धडे देशापुढे आहेत.

पहिला धडा बिहारचा. केंद्र सरकारने तेथे नीलगाय आणि रानडुक्कर यांना ठरावीक जिल्ह्यांत, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादचे नेमबाज बोलावले गेले आणि काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगाई पडल्या. लगेच दिल्लीत एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री भर चौकात भांडले. मेनका गांधी संतापल्या. पर्यावरण खाते सांभाळणारे प्रकाश जावडेकर म्हणाले, राज्यांनी मागितले म्हणून दिले. दूरचित्रवाणीवर शिकारी झळकले, मंत्री झळकले. ज्याची मसूर आणि मका गेली तो शेतकरी झळकला का?

दुसरा धडा आपल्या घरचा. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा भागात टी-१ वाघीण, लोक जिला अवनी म्हणतात, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. मारणारा वनखात्याचा जवान नव्हता. हैदराबादच्या नामांकित शिकाऱ्याचा मुलगा होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम मोडल्याचे ताशेरे आले. शहरांत मेणबत्त्या पेटल्या, त्या गावांत मात्र सुटकेचा नि:श्वास पडला. ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांना मी दोष देणार नाही. पण गोळी सुटल्यावर जबाबदार कोण, हे सांगायला एक तरी खाकी वर्दीतला माणूस पुढे उभा असायला हवा होता. पाहुणा बंदूक गुंडाळून गावी गेला आणि वाद मात्र महाराष्ट्राच्या माथी बसला.

पाहुण्याला काय माहीत?

म्हणाल, मास्तर, नेमबाज चांगला असेल तर राज्य कुठले हे कशाला पाहायचे? पाहायला हवे, आणि त्याची तीन कारणे सांगतो.

एक. रायफलीची गोळी डुकरापाशी थांबत नाही. उसाच्या फडात ऊसतोड्यांची पालं कुठे आहेत, काजूच्या बागेत पहाटे बोंडं वेचायला कोण जाते, ओढ्याची वाट कुठून, म्हातारा धनगर मेंढरे कुठे बसवतो, हे गावच्या माणसाला डोळे मिटून ठाऊक असते. पाहुण्याला अंधारात फक्त चमकणारे डोळे दिसतात.

दोन. हिशेब करा. रानडुकरीण सुमारे चार महिन्यांत विते. एका वेताला चार पिल्ले धरा. पाहुण्याने आठ दिवसांत वीस डुकरे मारली आणि तो गेला. पाच माद्या उरल्या, तर पुढच्या हंगामाच्या आत वीस पिल्ले रानात! म्हणजे पुन्हा बोलावणे, पुन्हा खानावळ, पुन्हा जीप. जे काम वर्षभर थोडे थोडे करायचे असते, ते जत्रेसारखे आठ दिवसांत उरकत नाही. कायमचा रोग आणि फिरता वैद्य, अशी ही गत आहे.

तीन. आम्ही फुकट येतो, असे म्हणणारे शिकारी असतात. कायद्याप्रमाणे अशा परवानगीने मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. मांस नाही, कातडे नाही, शिंग नाही. मग पदरचे पेट्रोल जाळून कोणी कशाला येईल? हौसेखातर! आणि जी हौस १९९१ साली पुढच्या दाराने बाहेर काढली, ती शेतकऱ्याच्या नावावर मागच्या दाराने आत येत असेल, तर आपण दार का उघडावे? आज डुकराचा कागद दाखवून रानात शिरलेली बंदूक उद्या भेकर पाहून थांबेल, याची हमी कोण देणार?

दर्यावरचा धडा

रापणकार भावांनो, हे शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे म्हणून पान उलटू नका. हीच लढाई तुम्ही आधी लढला आहात. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यापाशी येऊन तुमच्या रापणीतला घास ओरबाडू लागले, तेव्हा तुम्ही रस्त्यावर उतरलात. त्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारासाठी राखले गेले. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांची आणि बुल ट्रॉलिंगची मासेमारीही बंद केली. तरी मालवण-वेंगुर्ल्याच्या पाण्यात मलपीच्या ट्रॉलरवरून तंटे होतातच. का? कारण परवाना एका कचेरीचा, पाणी दुसऱ्याचे आणि पोट तिसऱ्याचे.

तुम्ही कधी म्हटले का, की दर्यात कोणी मासेच धरू नयेत? नाही. तुम्ही म्हटले, जो या पाण्यावर जगतो, ज्याला मासळी विणीचा काळ कळतो, ज्याला उद्याही याच पाण्यात जाळे टाकायचे आहे, त्याचा हक्क आधी. शेतकरी रानाबद्दल हेच म्हणतो आहे. जो तेथे राहतो तो शेवटचे जनावर मारणार नाही.

दुसऱ्या वैद्याला दोन शब्द

आता 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांची कळकळ खोटी नाही. गावठी बॉम्ब, तारेचे फासे, कुंपणात सोडलेली वीज यांनी डुकरांबरोबर बिबट्याही मरतो आणि कधी शेतकरीही. पण हे फासे का लागतात? जेव्हा अर्ज करून कोणी येत नाही, भरपाईसाठी दहा हेलपाटे घालावे लागतात, तेव्हा माणूस चोरवाट धरतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीच्या गोळावलीत म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. वाईटच झाले, वाघ मारणे हा गुन्हाच. पण गोठ्यातली म्हैस मेल्याच्या दुसऱ्या दिवशी दारात भरपाई आली असती, तर विषाची बाटली कोणी हाती घेतली असती का? वाघ वाचवायचा असेल तर आधी गुराख्याला वाचवा.

आणि सीमेवर तर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. २००२ पासून कर्नाटकातले हत्ती दोडामार्ग-चंदगडात उतरू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार हत्ती दोडामार्गातून पेडण्यात आला. हत्तीला राज्य नाही, पण पंचनाम्याला आहे! एकाच कळपाने रात्रीतून दोन राज्यांतली शेते तुडवली, तर बांधाच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा.

मग मागायचे काय?

नुसती तक्रार हे आपले काम नव्हे. ग्रामसभेत ठराव करा आणि पाच गोष्टी मागा.

पहिली, पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारण्याची परवानगी आधी गावच्या परवानाधारक शेतकऱ्याला, वनखात्याच्या देखरेखीखाली. केरळने २०२२ साली पंचायतीच्या अध्यक्षांना हा अधिकार दिला आणि काम स्थानिक बंदूकधारकांकडे सोपवले. केरळला जमते ते इकडे का जमू नये? शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. त्याच कर्नाटकात कोडगूच्या लोकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. खानापूरच्या शेतकऱ्याने मात्र वर्षानुवर्षे कागद घेऊन उभे राहायचे!

दुसरी, प्रत्येक काडतुसाचा हिशेब. किती दिली, किती उडाली, काय पडले, याचा पंचनामा गावासमोर व्हावा आणि मेलेले जनावर तेथेच पुरले जावे. गावातला कोणी या कागदाआड मांसाचा धंदा करील, तर त्याला आपणच पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. हक्क मागतो त्याने हिशेब दिलाच पाहिजे.

तिसरी, माणूसमाऱ्या जनावरासाठी वनखात्याचे स्वतःचे शिकवलेले पथक. बाहेरचा जाणकार लागलाच, तर सल्ल्याला बोलवा. बंदुकीचा चाप वर्दीतल्या माणसाच्या बोटाखाली राहू द्या, म्हणजे जाब विचारता येईल.

चौथी, तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी सीमेवरच्या गावांसाठी एकच दर आणि एकत्र पंचनामा ठरवावा.

पाचवी, अर्ज, आदेश आणि भरपाईची पावती मराठीत. जेथे भाषिक अल्पसंख्य लोक शंभरात पंधरा किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे तत्त्व केंद्राने केव्हाच मान्य केले आहे. परवानगी कशाची, मुदत किती, अटी कोणत्या, हे ज्याला वाचता येत नाही तो शेतकरी नकळत गुन्हेगार ठरतो. जंगल कायद्यातली चूक माणसाला तुरुंगातही नेऊ शकते.

बंधूंनो, निपाणीची माती विसरू नका. १९८१ च्या एप्रिलात तंबाखूला रास्त दर मागणाऱ्या शेतकऱ्यांवर तेथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे पडली. माणसावर बंदूक चालवताना सरकारचा हात कापला नाही, आणि डुकरापासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती बंदूक द्यायची म्हटले की त्याला शंभर शंका! पाहुण्याला रायफल आणि धन्याला डबा, हा न्याय कोणता?

हाका घालायचे दिवस संपले. यापुढे रान राखायचे तरी गावाने आणि शेत राखायचे तरी गावाने. ठराव लिहा, सह्या करा, अंगठे उमटवा आणि वनखात्याच्या टेबलावर ठेवून पोचपावती घेतल्याशिवाय परतू नका.