उन्हाळी सुटीचा जमाखर्च

वार्षिक परीक्षा आटोपल्या की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणे, चित्रकला, अबॅकस, व्यक्तिमत्त्वविकास. आणि प्रत्येकापुढे शुल्काचा आकडा. एकाच पगारावर चालणाऱ्या घराने दोन मुलांचे हे शुल्क भरावे, तर जूनमधील वह्यापुस्तकांची तरतूद मोडावी लागते. न भरावे, तर आपले मूल मागे पडेल ही धास्ती. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी हमखास आपल्या लहानपणीच्या सुट्यांची आठवण काढतात. मामाचे गाव, विहिरीतले पोहणे, आंब्याची अढी. खर्च म्हणाल तर येण्याजाण्याच्या भाड्याचा तेवढा.

या आठवणीत हिशेबाची एक चूक आहे. ती सुटी फुकट नव्हती. तिचे बिल मामीने भरले होते. दहा-बारा भाचरांच्या पंगती दोन्ही वेळा उठवणारी ती बाई स्वतः माहेरी कधी गेली, हे कोणी विचारले नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत घरच्या स्वयंपाकाचे श्रम धरले जात नाहीत. कुटुंबाच्या आठवणींतही ते धरले गेले नाहीत, एवढेच. ही गोष्ट जुनी झाली असे मानण्यासही आधार नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ मधील वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात; पुरुषांपैकी जे ते करतात, त्यांची ८८. मुले दिवसभर घरी राहू लागली की यांतील कोणता आकडा वाढणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही.

तेव्हा स्वस्त सुटीला दोन कसोट्या लावल्या पाहिजेत. पैसा कमी लागावा ही पहिली. आणि वाचलेला पैसा घरातील एकाच व्यक्तीच्या कष्टांतून वसूल होऊ नये ही दुसरी.

उदाहरणार्थ, कुरडया. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून त्यांचा चीक काढायचा. तो रात्रभर निवळू देऊन वरचे पाणी ओतून टाकायचे आणि पहाटे शिजवायचा. घट्ट होत जाणारा चीक गुठळी न होऊ देता ढवळणे हे मनगटाचे काम आहे. ते बायकांनीच का करावे, याला परंपरेखेरीज कारण दिसत नाही. वडिलांनी ढवळावे, थोरल्याने सोऱ्या दाबावा, धाकटीने गच्चीवर कावळे हाकावेत. गरम चिकाची वाटी हा सर्वांचा रोजगार. बाजारात तयार कुरडई मिळते हे खरे, आणि श्रमांचे मोल धरले तर ती महागही नसेल. पण मुलांची सकाळ त्यात भरून निघत नाही.

प्रवासाचेही गणित मांडून पाहावे. एसटीच्या गाड्यांत मार्च २०२३ पासून स्त्रियांना राज्याच्या हद्दीत अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते पूर्वीपासूनच आहे. म्हणजे आईवडील आणि दोन मुले अडीच तिकिटांत जाऊन येतात, आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी बरोबर असली तरी आकडा बदलत नाही. पहाटेच्या गाडीने शेजारच्या तालुक्यातील लेणी किंवा नदीचा घाट पाहावा, घरच्या दशम्या खाव्यात आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. (दशम्या कोणी केल्या, हा प्रश्न येथेही विचारण्याजोगा आहे.)

ज्याला एक पैसाही लागत नाही असा एक दिवस तर मे महिन्यात महाराष्ट्रातील प्रत्येक गावी येतो. उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी नेमका डोक्यावर येतो आणि दुपारी बारा ते पाऊणच्या दरम्यान काही क्षण उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशीच लोपते. पुण्यात हे १३ मेच्या सुमारास घडते, मुंबईत १५ च्या, नागपुरात २६ च्या. सुटी लागल्यापासून रोज एकाच वेळी पेल्याची सावली खडूने आखून ठेवली, तर ती आखूड होत जाताना मुलांना दिसते. भूगोलाच्या पुस्तकातील कर्कवृत्त एरवी असे घरी येत नाही.

राहता राहिली वेळ नसल्याची सबब. राज्य शासनाच्या कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि शिक्षकांना सुटी मुलांबरोबरच लागते. गहू बुधवारी रात्री भिजत घातले, तर चीक रविवारी पहाटे शिजवावयास तयार होतो.