पाळी गेल्यानंतरचे मौन

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक निर्णय जाहीर केला. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांवर वीस वर्षांहून अधिक काळ काळ्या चौकटीत छापला जाणारा हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाचा इशारा काढून टाकण्याचा. शेअर बाजार पडला असता, तर आपण आठवडाभर त्यावर बोललो असतो. ही बातमी ज्या विषयाची होती, तो मात्र आपल्या घरात बोलायचा विषयच नाही. त्या औषधांत एक साधे मलमही आहे. पाळी गेल्यावर योनीमार्गाला येणाऱ्या कोरडीवर ते दिले जाते. ती कोरड आणि तिच्यामुळे नवराबायकोत पडणारे अंतर, हा आजचा विषय.

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर पन्नाशीला टेकलेल्या एक सहकारी बाई होत्या. बदली टळावी म्हणून लोक हेड ऑफिसचे उंबरठे झिजवत, त्या काळात या बाईंनी परगावची बदली मागून घेतली. सगळ्यांना आश्चर्य वाटले. निरोपाच्या दिवशी डबा खाताना त्या हळूच म्हणाल्या, “रात्र झाली की भीती वाटते गं. दुखतं, आग होते. ह्यांना वाटतं, माझं मन उडालंय. सांगू कसं?” मी तेव्हा तिशीत होते. “होईल सगळं ठीक,” असे म्हणून मी डब्याचे झाकण लावले. त्या वाक्याचा अर्थ मला कळला, तो माझी स्वतःची पाळी गेल्यावर.

हा मनाचा खेळ नव्हे. शरीरातला बदल आहे. भारतीय स्त्रीची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते आणि अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन ओसरते. योनीमार्गाचे अस्तर त्याच्यावरच पोसलेले असते. ते पातळ होते, रक्तपुरवठा घटतो, ओलावा आणि लवचिकता कमी होते. तिथले रक्षण करणारे जिवाणू कमी झाल्याने आम्लताही घटते. म्हणून आग, खाज, संभोगाच्या वेळी वेदना आणि पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा जंतुसंसर्ग. अंगाची लाही करणाऱ्या गरम झळा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत शमतात. ही कोरड मात्र उपचारांवाचून सहसा जात नाही, बहुधा वाढते. पाळी गेलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना हा त्रास होतो.

पण त्रासापेक्षा गैरसमज मोठा होतो. एकदा दुखले की पुढच्या वेळी स्नायू आधीच आखडतात, आणि आणखी दुखते. बायको जवळ येणे टाळते, मग हात हातात घेणेही टाळते. न जाणो, त्याचा अर्थ पुढचा घेतला जाईल! नवरा मनाशी ठरवतो, हिला आता मी नकोसा झालो. तो नकार नसतो, वेदना असते. पण ‘सहन करणे’ हा बायकांचा गुण आणि न विचारणे हा पुरुषांचा सभ्यपणा मानल्यावर खुलासा करणार कोण?

त्या इशाऱ्यानेही या मौनाला हातभार लावला. दोन हार्मोनांच्या, पोटात घ्यायच्या गोळीची सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेली चाचणी २००२मध्ये मुदतीआधीच थांबवण्यात आली. स्तनांच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका काहीसा वाढल्याचे त्यात दिसले होते. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यानंतर इशारा सरसकट सगळ्याच इस्ट्रोजेनवर बसला. योनीमार्गात लावायच्या अल्पमात्रेच्या मलमावरसुद्धा, जे रक्तात फारच थोडे उतरते. गोळ्यांबद्दल तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. या मलमावरचा इशारा मात्र गैरलागू आहे, असे अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ कित्येक वर्षे सांगत होते.

उपाय साधे आहेत. दर दोन-तीन दिवसांनी लावायचे ओलावा टिकवणारे जेल आणि संबंधाच्या वेळी वापरायचे पाण्यावर आधारित वंगण ही दोन्ही चिठ्ठीशिवाय मिळतात. खोबरेल तेलाने रबरी निरोध फाटू शकतो, हे ध्यानात ठेवावे. सुवासिक साबण आणि ‘स्वच्छते’ची द्रावणे टाळावीत. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते मलम. बहुधा पहिले दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा लावतात. पुरता गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात. स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात तपासणी करावी. लेसरने ‘तारुण्य’ परत देण्याच्या जाहिरातींपासून सावध राहावे. २०१८मध्ये अमेरिकी प्रशासनानेच त्याविरुद्ध बजावले होते.

हा सुखवस्तू घरांतलाच प्रश्न, असे कोणी समजू नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९मध्ये उघड झाले. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही गेली, तर ऐन तिशीतसुद्धा इस्ट्रोजेन एकाएकी तुटते. त्या बाईला पुढची कोरड कोण समजावून सांगणार?

र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि या विषयांवर मराठीत लिहिल्याबद्दल अश्लीलतेचे खटले सोसले. शंभर वर्षे होत आली, तरी त्याच मराठीत बायको नवऱ्याला ‘दुखतं’ एवढा एक शब्द सांगू शकत नाही.

बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते. शिल्लक मात्र जागच्या जागी असते. खातेदाराने येऊन सांगावे लागते, एवढेच. घरात ते दोघांपैकी कोणीही सांगू शकते, आणि खरे तर आधी नवऱ्याने विचारावे.

त्या सहकारी बाई आज कुठे आहेत, मला ठाऊक नाही. झाकण लावण्याऐवजी मी त्या दिवशी “डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर,” एवढेच म्हणायला हवे होते.