भाड्याची पेशवाई

मी शिलाई करते. घाटकोपरच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत माझं मशीन आहे आणि लग्नसराईत त्या मशीनपुढं आपल्याच पोरींची रांग लागते. म्हणून हे लिहायचा हक्क मला आहे. कविलोकांनी रागावू नये.

पोरगी येते, मोबाईल पुढं करते. 'ताई, हे भाड्याने आणलंय, जरा अंगावर बसवून द्या.' फोटोत काय? शिवलेली नऊवारी, खांद्यावर शेला, नाकात नथ, कपाळाला चंद्रकोर. दुकानात त्याला नाव आहे 'पेशवाई'. दुसऱ्या तऱ्हेला 'ब्राह्मणी', तिसरीला 'शाही मस्तानी'. नवऱ्यामुलाला त्याच रंगाची शेरवानी, त्याच रंगाचा फेटा. पाच करवल्या एकाच ठाणातल्या कापडात. भाडं एका दिवसाचं, डिपॉझिट वेगळं, डाग पडला तर डिपॉझिट गेलं. बाप पालिकेत झाडू खात्यात, आई बचतगटाचे हप्ते फेडतेय, आणि लेक डाग पडेल म्हणून स्वतःच्या लग्नात वरणभाताला हात लावत नाही.

पेशवाई! अरे, कुणाची पेशवाई? ज्या पेशव्यांच्या पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, ती? बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते लिहून ठेवलंय. घरात पुस्तक आहे, काचेच्या कपाटात. दर एक जानेवारीला हेच घर टेम्पो करून भीमा कोरेगावला जातं, १८१८ च्या स्तंभापुढं मान ताठ करून उभं राहतं. आणि मे महिन्यात त्याच घरातली लेक पेशवीण होऊन स्टेजवर. समोर बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, बौद्धाचार्य त्रिशरण देतायत. कुणालाच हसू कसं येत नाही?

नऊवारीशी माझं भांडण नाही. आपल्या आज्ज्या नऊवारीतच वावरल्या. शेतात, गिरणीत, मोर्चात. ती त्या स्वतः नेसायच्या. पोट पुढं आलं तर निऱ्या कमी, उपास पडले तर निऱ्या जास्त. लुगडं रोज बाईचं माप घ्यायचं. दुकानदाराने तेच काढून घेतलं. कासोटा शिवून टाकला, कमरेला इलास्टिक लावलं आणि सगळ्या बायांना एकाच साच्यात कोंबलं. ठेंगणी पोरगी काठावर पाय देऊन अडखळते, उंच पोरीच्या पोटऱ्या उघड्या पडतात. पोलकं तर विचारूच नका. मुंढा काचतो, हात खांद्याच्या वर जात नाही. पाठीमागं सहा सेफ्टी पिना. फोटो पुढूनच काढायचा!

आणि आपल्या लग्नात हात वर जावा लागतो, गुडघे टेकावे लागतात. डिसेंबर १९५६ मधल्या पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध लग्नाचा विधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने भरलेलं मातीचं मडकं, दोघांच्या हातात पांढरा दोरा, दोघांच्या अंगावर पांढरे कपडे. एवढंच. त्या मडक्याचं पुन्हा मडकं झालं बघा, गळ्यातलं उतरून दोघांच्या मधे आलं. पण वंदनेला वाकायचं तर नवरी वाकेना. दोन करवल्यांनी दंडाला धरून तिला खाली बसवलं आणि तसंच उचललं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. करवल्यांचीही पोलकी काखेत उसवली.

यावर एक हुशार भाऊ मला म्हणाला, 'ताई, १९२७ ला महाडला बाबासाहेबांनीच सांगितलं ना बायांना, वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा म्हणून? मग पेशवाई नेसली तर बिघडलं कुठं?' भावा, अर्धं ऐकलंस. त्या काळी लुगडं किती वर खोचलंय, गळ्यात-हातात चांदी-कथलाचं काय वजन आहे, यावरून लांबूनच बाईची जात कळायची. ती खूण फेकून द्या, असं त्यांनी सांगितलं. आणि बायांनी तिथंच नेसण्याची तऱ्हा बदलली. अंगावरची जात उतरवण्यासाठी ते होतं. तू भाडं भरून जात अंगावर चढवतोयस, तीही दुसऱ्याची.

आता गावाकडची गोष्ट वेगळी, ती मी मान्य करते. उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूर गावात २०१८ साली आपल्या समाजातल्या एका नवऱ्यामुलाला ठाकुरांच्या वस्तीतून वरात न्यायची तर पोलिसांचा फौजफाटा लागला. तिथं डोक्यावरचा फेटा म्हणजे लढाई आहे. त्याला माझा जय भीम. पण कुर्ल्याच्या हॉलमध्ये तुझा फेटा कुणी अडवत नाही. रात्री दहाला दुकानदाराचा पोरगा परत न्यायला येतो, तेवढीच काय ती लढाई.

आणि पुरुषमंडळींनो, पांढऱ्या साडीवर भाषण ठोकणं सोपं आहे. लेकीने साधी पांढरी नेसायची आणि चिरंजीव मखमली शेरवानीत राजपूत! असलं चालणार नाही. साधं म्हणजे गबाळंही नाही. बाबासाहेब कपड्यांबाबत किती चोखंदळ होते ते त्यांच्या फोटोतल्या कोटाचे खांदे बघून कळतं. एक बरा सूट शिवून घे, आयुष्यभर इंटरव्ह्यूला घालशील.

पोरींनो, माझ्याकडे या किंवा तुमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जा, पण महिनाभर आधी जा. पांढरं कापड घ्या, सुती घ्या, रेशमी घ्या, निळे काठ घ्या, हौस करा. पांढऱ्यातून आतलं दिसतं, म्हणून पोलक्याला अस्तर लागतं, आणि ते अस्तर आधी पाण्यातून काढायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून पोलकं चुरगाळतं. ट्रायलला नुसतं आरशापुढं उभं राहू नका. खाली बसा, वाका, दोन्ही हात वर करा, पोटभर श्वास घ्या.

आयांनाही सोबत आणा. त्या आणायलाच पाहिजेत. तयार पोलक्यात छाती बसते, दंड बसत नाही. वीस वर्षं कचऱ्याची टोपली उचलून, पाण्याचे हंडे वाहून झालेला दंड तो. बाई शरमते, म्हणते, 'माझंच अंग वाईट.' अंग वाईट नाही मावशी, त्या कंपनीने तुझा दंड कधी मोजलाच नाही. आहेरात आलेल्या साड्यांचे गठ्ठे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात, कुणी नेसत नाही. ते बंद करा आणि त्या पैशात दोन्हीकडच्या आयांना एकेक मापाचं पोलकं शिवा.

नवरीच्या पोलक्याला दोन्ही बाजूंनी इंच-इंच माया मी सोडतेच. बाळंतपणानंतर ते उसवून सैल करता येतं. मग तेच पोलकं, तीच पांढरी साडी, पोर कडेवर, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत.